नमुन्याची छाती

हिंगोली,
माघ वद्य तृतीया, सन १९४०

तीर्थस्वरूप चतुराआक्कास,

धाकट्या ग्यानबाचा नमस्कार. भाऊजी, लेकरं, तांबडी गाय समदे मजेत असतील. मी बी मजेतच म्हणायचा.

तुझ्याकडं नरसीला येतो म्हणालो अन् आलो न्हाई, रागावू नको. कापसाच्या गाड्यांबरोबर अकोल्याकडं निघालो, पायात बाभळीचा काटा मोडला. तो काढायला इथल्या दवाखान्यात शिरलो, तो अजून इथंच.

इथले डॉक्टर मकबूलसाहेब बघायसारखे आहेत. हैदराबादेहून डॉक्टरी शिकणारी पोरं त्यांच्याकडं आलीत. मला वाटलं, पोथी वाचतील. तर साहेबांनी झाकलेला रांजण पुढं ठेवला. "पाणी कुठवर आहे? आत बघायचं न्हाई. बोटानं वाजवून सांगा!" वर पोकळ आवाज, पाणी लागलं की ठस्स. एकजण चुकला, तर साहेब खूश. "चुकला, पण बोलला! बाकीच्यांच्या तोंडात सुपारी आहे काय?"

मग माझ्याकडं वळले. "ग्यानबा, सदरा काढ. ही पहा निरोगी छाती, अगदी नमुन्याची!" आक्का, मी फुगलो. तू मला नमुना म्हणतीस ते वेगळं.

पोरं माझ्यावर वाजवून राहिली. मी म्हणालो, "मी काय संबळ हाय व्हय?" समदे हसले. गोपीचंद नावाचा परभणीकडचा लाजरा पोरगा मात्र पाठीवर उजव्या अंगाला, खाली, थांबला. परत वाजवलं.

"साहेब, इथं ठस्स येतं."

पोरं साहेबांकडं बघू लागली. साहेबांचं बोलणं खोडलं ना त्यानं.

"डरतो काहून?" साहेब म्हणाले. "छाती ज्याची आहे त्यालाच विचार."

गोपीचंदानं विचारलं, संध्याकाळी कणकण येते का, चालताना दम लागतो का. मी न्हाईच म्हणणार होतो. पण तो माझ्या तोंडाकडं बघत थांबला. व्हय म्हणालो.

साहेबांनी स्वतः वाजवलं, कान लावला, अन् भर पोरांत म्हणाले, "मी चुकलो. गोपीचंद बराबर आहे."

मागून मी त्याला विचारलं, "उस्तादाची चूक काढलीस, भ्याला न्हाईस?"

"भ्यालो तर! पण दुसरीकडं आमी नुसतं ऐकतो अन् उतरवून घेतो. इथं हातानं करतो, चुकतो, तरी साहेब आमचं हसं करत न्हाईत. म्हणून तोंड उघडलं."

त्यानं तोंड मिटून घेतलं असतं तर मी तसाच पुढं अकोल्याला गेलो असतो.

आता लिहितोच. माझ्या छातीत पाणी झालंय. सुईनं काढलं, पिवळसर निघालं. आपल्या आईला झाला तोच क्षयाचा रोग असावा. साहेब म्हणतात, सुरुवातीलाच सापडलाय, वाचशील, पण पावसाळा सरेस्तोवर पडून राहायचं, खायचं, कुठं जायचं न्हाई. मला सांगतात, आक्का, चार दिस एका जागी न टिकणाऱ्याला! काल गाड्यांचे घुंगरू ऐकले अन् मी गठुडं बांधलं बी. दारात साहेब भेटले. ओरडले न्हाईत. म्हणाले, "गेलास तर काय होईल, तूच सांग." मी सांगू लागलो, आईचं शेवटचं समदं सांगितलं, अन् सांगता सांगताच बसलो.

तू ये. लेकरांना आणू नको, साहेबांनी बजावलंय. रडू नको, अन् येताना दर खेपेसारखी वाटेत 'आमचा ग्यानबा कुठं दिसला का' अशी चौकशी करायची गरज न्हाई.

या खेपेला पत्त्यावर सापडणारा,
तुझा ग्यानबा