मोंढ्यातल्या हमालाची पाठ

सर, नांदेडला तुमच्या नावाचं कलादालन उघडतंय. तुमच्या क्लासातली तेव्हाची पोरं, आता सगळी टक्कल पडलेली, वर्गणी काढून ते उभं करताहेत. त्यांच्यातल्या एकाचा मला लातूरला फोन आला. "ताई, स्मरणिका काढून राहिलोत. सरांच्या क्लासातल्या पोरींत नाव काढलेल्या तुम्हीच. सरांच्या प्रतिभेवर लिहा की." मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की तो गडी दचकलाच असेल. त्याला काय माहीत, या फोनची मी किती वर्षं वाट बघत होते.

तुमचा क्लास घराच्या पुढच्या खोलीत भरायचा. आम्ही तिघी मुली, बाकी सगळी पोरं. रविवारी तुम्ही मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका हमालाला स्टुलावर बसवायचात. तो बंडी काढायला लागला, की तुम्ही आमच्याकडं बघून आतल्या दाराकडं बोट करायचात. "पोरींनो, आत जा. काकूपाशी बसून फुलं-पानं काढा." आम्ही आत, दार बंद. आता गंमत बघा. तोच हमाल उघड्या अंगानं, पाठीवर पोतं घेऊन, दिवसभर मोंढ्यात फिरायचा. आम्ही शाळेला त्याच रस्त्यानं जायचो. आमच्या आया त्याच्याकडून ज्वारीचं पोतं घरात उतरवून घ्यायच्या, त्याला तांब्याभर पाणी द्यायच्या. तेव्हा कुणाची अब्रू जात नव्हती. पोतं वाहताना तो नुसता हमाल आणि तुमच्या स्टुलावर बसला की पुरुष! बिचारा स्वतःच ओशाळायचा. "लेकरं हायेत की सर, बसू द्या," असं एकदा म्हणालाही. तुम्ही त्याच्यावरच खेकसलात, "तू गप बस. हलू नको."

आत काकू भाकरी थापत असायच्या. तुमच्या स्वयंपाकघरात कोथिंबिरीच्या जुडीशिवाय हिरवं काही नसायचं, फुलं कुठली काढणार? मग मी काकूंनाच काढायला लागले. परातीवर वाकलेल्या, थापताना दंड हलताहेत, मनगटाच्या मागच्या बाजूनं कपाळ पुसताहेत. "अगं माय, माझं काय काढून राहिलीस? ह्या अवतारात?" असं म्हणायच्या आणि हळूच पदर नीट करायच्या. एका रविवारी तुम्ही पाणी प्यायला आत येता. माझ्या मांडीवरचा कागद उचलता, बाहेर नेऊन पोरांपुढं धरता. "बघा रे. पोरीच्या हातात कागद द्या, शेवटी भाकरीच निघती." पोरं खो खो हसतात. मी उंबऱ्यात उभी, कान तापलेले. तुमच्या मागं काकू तव्यावरची भाकरी उलटायची विसरल्या आहेत, आणि ती करपल्याचा वास येतोय.

बारावी झाल्यावर माझे वडील तुमच्याकडं आले. मला औरंगाबादला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं आणि वडिलांची तयारी होती, फक्त तुमचा शब्द पाहिजे होता. तुम्ही चहाचा कपही खाली ठेवला नाहीत. "हात बरा हाय, हाव. पण मानवाकृती लई कच्ची हाय. अन् प्रतिभा उपजत असावी लागती, पोरीत ती न्हाई येत. पोरीत मेहनत असती. बी.ए., बी.एड. करू द्या." वडील तुम्हाला देव मानायचे. घरी येताना रस्ताभर मला म्हणत राहिले, "सर खोटं कशाला बोलतील?" कच्ची म्हणे! दार तुम्ही लावायचं आणि आत काय आहे ते दिसलं नाही म्हणून आंधळी मला ठरवायचं! त्यानंतर मी चित्र काढलं नाही. तुमचं हे देणं मी विसरले नाही, सर.

लग्न होऊन लातूरला आले. पोरं शाळेत जायला लागल्यावर बाहेरून कलेच्या इतिहासात एम.ए. केलं. तेव्हा वाचलं, की परदेशातसुद्धा, उघड्या अंगाचा माणूस बसवून चित्र काढतात त्या खोलीत शेकडो वर्षं बायकांना घेत नव्हते. मी ग्रंथालयात एकटीच मोठ्यानं हसले. मला वाटायचं, नांदेडच्या एका गल्लीतलं ते एवढंसं दार. ते तर केवढ्या लांबपर्यंत लावलेलं! मोठं चित्र म्हणजे देव, राजे, लढाया, म्हणजे माणसांची अंगं. अंग बघूच दिलं नाही तर बाई फुलं काढते. मग पंडित लिहितात, बाईचा पिंडच नाजूक, तिला फुलंच जमतात. आणि ज्याला आत बसू दिलं तो प्रतिभावंत. आता मी हेच शिकवते. पहिल्या तासाला फळ्यावर तुमचं ते उपजत प्रतिभेचं वाक्य लिहिते आणि विचारते, यात लबाडी कुठं आहे? पोरी तुमची पार चटणी वाटतात. मला लई बरं वाटतं.

लेख काल पाठवून दिला. त्यात दार आहे, हमाल आहे, करपलेली भाकरी आहे, चहाचा कप आहे. प्रतिभा हा शब्द एकदाही नाही. सर फार मेहनती होते, एवढंच लिहिलंय. छापणार नसाल तर उद्घाटनाला येऊन माईकवर वाचून दाखवते, असंही खाली कळवलंय. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्ही असताना तरी कुठं कुणी बोलू दिलं?

हे पत्र मात्र कुठंच जाणार नाही. लेखाआधी मी दालनात तुमची चित्रं बघायला गेले होते, अजून भिंतीला टेकवून ठेवलेली. त्यात त्या हमालाची पाठ निघाली, कोळशानं काढलेली. पोत्यांखाली जन्म गेलेली पाठ, खांद्यावर आलेली गाठ, वाकून वाकून तशीच राहिलेली मान. मी बराच वेळ तिच्यापुढून हलले नाही. अव्वल चित्र आहे, सर. तेही मी लेखात लिहिलं होतं. पाठवायच्या आधी खोडलं.