बरणीतली हवा

मांडवी, रत्नागिरी
मार्गशीर्ष, शके १८५७

प्रिय द्वारके,

तुझं पत्र परवाच्या बोटीनं आलं. दोनदा वाचलं, फळीवरच्या डब्यामागे ठेवलं आणि आज दुपारी मागचं आवरून झाल्यावर पुन्हा काढलं. पौषात तुमची कमिटी बसणार आणि कोकमतेलाची योजना राहते की जाते ते ठरणार, हे आता इथे सगळ्यांना ठाऊक झालं आहे. शेवटी तू जी एक ओळ लिहिली आहेस तिच्याकडे मी मागाहून येते. आधी मला तुझ्याशी जरा निवांत बोलू दे. ऊन उतरायला लागलं आहे, बंदरात एक पडाव नुसता डुलतो आहे, समुद्राचा आवाजही नाही. अशा वेळी मला कामाचं काही सुचत नाही. तू म्हणशील, ही तर बारा महिने अशीच. असू दे.

तू गेल्या चैत्रात त्या तिघांना घेऊन आलीस तो दिवस अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. शाळेच्या पडवीत आम्ही बायका कोंबून बसलो होतो. सरकारच्या उद्योगखात्याचे साहेब इंग्रजीत बोलले. साबणाच्या कारखान्याचे शेठ त्यांच्या मराठीत बोलले, त्यातलं ‘साबू’ तेवढं कळलं. तुमचे प्रोफेसर वागळे शुद्ध पुणेरी बोलले, ते तर साहेबांच्या इंग्रजीहून अवघड. यमुनाबाई पेंगायला लागल्या होत्या. मग तू उठलीस, पदर खोचलास आणि म्हणालीस, रातांब्याची सोलं आपण ठेवतो आणि बी उकिरड्यावर टाकतो, त्या बियांत चांगलं तेल आहे. युनिव्हर्सिटी संशोधन करील, शेठ यंत्र आणतील, सरकार खाडीकाठी जागा देईल. पण बी पावसाळाभर घरात चांगली राहिली तरच घाणा वर्षभर चालेल आणि बायांना उन्हाळ्यापलीकडे काम मिळेल. बी टिकते की बुरसते, एवढंच आधी बघायचं आहे. यमुनाबाई जाग्या झाल्या. मला तेव्हा तुझा एवढा अभिमान वाटला की घरी येताना मी वाट सोडून थेट वाळूत उतरले आणि पायांना पाणी लागल्यावर भानावर आले.

मग त्या बरण्या. घरटी दोन, काचेच्या, तोंडाला मलमल बांधलेली, वर घरधन्याच्या नावाची चिठ्ठी. एकीत वाळवलेली बी. दुसरीत काहीच नाही, नुसता तोलून ठेवलेला कापसाचा बोळा. तू मला देखरेखीला नेमलंस आणि समजावलंस की त्या बोळ्याला किती ओल धरते त्यावरून त्या घरातली हवा कळेल, आणि हवा कळली की बी का बिघडली ते कळेल. मी घरोघरी जाऊन हेच सांगितलं. बायांनी मान डोलावली. राजिवड्यावरच्या रहिमाने विचारलं की ही बाई आमच्या घरची हवा मुंबईला नेऊन करणार काय. मी म्हटलं, तोलणार. ती इतकी हसली की तिच्या मांडीवरचं पोर जागं झालं.

पण खरं सांगू, त्या रिकाम्या बरणीचं मला वेडच लागलं. आषाढात दिवसचे दिवस बाहेर पडता येत नव्हतं. बरणी फळीवर असायची आणि मी तिच्याकडे बघत बसायची. सकाळी आतून धुकं धरलेलं असायचं. ते हळूहळू निवळलं की पलीकडचा चुलीचा जाळ वाकडातिकडा दिसायचा. मला वाटायचं, आमच्या घराचं सगळं आत चाललं आहे. भाताची वाफ, ओल्या लुगड्यांचा वास, यांचा खोकला, आम्ही दोघं एकमेकांशी बोललो ते आणि बोललो नाही तेही. आणि कधी तरी मुंबईला, मी न पाहिलेल्या त्या मोठ्या खोलीत, तू झाकण काढशील आणि तुला कळेल की दमू बरी आहे. यांना हे सांगितलं तर हे म्हणाले, तुला वैद्याला दाखवायला हवं.

तुला आठवतं का, लहानपणी आपण रहिमाच्या आजीकडून अत्तराची रिकामी कुपी मागून आणली होती? सुरंगी फुलली होती. तू फुलं आत कोंबलीस, बूच लावलंस आणि तुळशीमागे पुरून ठेवलीस, म्हणालीस की वर्षभर वास काढून काढून घेऊ. उघडली तेव्हा आत काळा लगदा आणि आंबूस घाण. मी नाक धरून पळाले. तू तिथेच बसून रडत विचारत राहिलीस की वास गेला कुठे. मला वाटतं तू अजून तेच विचारते आहेस, फक्त आता त्याचा तुला पगार मिळतो. मी मात्र पळाले ती स्वयंपाकघरातच येऊन थांबले. याचं मला रोज वाईट वाटत नाही. कधी कधी वाटतं.

भाद्रपदानंतर बोटी सुरू झाल्या आणि बरण्या परत पाठवायची वेळ आली. आता यात कोणाची चूक म्हणायची ते तूच सांग, तूही इथलीच आहेस. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रितं परत जातं का? आमटीची वाटी आली तर जाताना तिच्यात चार सोलं तरी जातात. निदान साखरेची चिमूट. बी असलेली बरणी भरलेली होती, तिचा प्रश्न नव्हता. पण दुसरी? पावसाळाभर आपल्या घरात राहिलेली बरणी, आणि आपल्याच द्वारकेकडे चाललेली. मला कुणी काही विचारलंही नाही, कारण यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. मलाही नाही. मी गुळाचा खडा टाकला, मलमल काढून झाकण घट्ट लावलं आणि हात जोडले.

यमुनाबाईंनी ढेपेतला चांगला पिवळा गूळ टाकला. रहिमाने तिच्या नवऱ्याच्या, हुसेनच्या, गलबतातून आलेल्या खारका टाकल्या. कुणी सुपारी, कुणी चुरमुऱ्याचा लाडू. तू लिहिलंस की पेटी उघडली तेव्हा सगळी प्रयोगशाळा गोळा झाली, गुळाला पाणी सुटून कापूस त्यात पोहत होता, लाडवाला हिरवी लव आली होती, आणि एका बरणीतून मुंग्या रांगेने निघून प्रोफेसरांच्या तराजूवर चढल्या. साहेबांनी तर ही कसली लाच, असं विचारलं म्हणे. मी हसून हसून लोळले. मग पुढचं वाचलं आणि हसू थांबलं. त्या बोळ्यांचा हिशेब नाही म्हणून बियांचाही हिशेब लागत नाही. वर्ष फुकट गेलं. शेठ हात काढून घेऊ म्हणतात. साहेब म्हणतात, कारण लेखी द्या, मग पुन्हा एक वर्ष देऊ.

आता ती ओळ. कमिटीने कारण लिहूनच ठेवलं आहे: ‘स्थानिक स्त्रियांच्या अडाणीपणामुळे प्रयोग निष्फळ झाला.’ खाली तुझी सही हवी. ती मिळाली तर योजना चालू राहते आणि तुझी जागाही. नाही मिळाली तर दोष तुझा, आणि दोन्ही गेलं. आणि तू लिहितेस की माझ्या आयांना आणि मैत्रिणींना अडाणी म्हणण्यापेक्षा मी सगळं सोडून घरी येईन, पण हे कुणाला सांगू नकोस.

द्वारके, मला ते वाक्य लागलं. बाकीच्यांना ते कधी वाचता आलं नसतं, मला आलं, म्हणून जास्त लागलं. मी सातवी पास आहे, माझ्यावर देखरेख सोपवली होती, आणि मीही त्यातच आले. रात्री जेवण गेलं नाही. यांनी विचारलं तर म्हटलं, पित्त. पण तुझं घरी येणं वाचून मला त्याहून जास्त भीती वाटली. इथे येऊन तू काय करशील? चार दिवस आम्ही तुझं कौतुक करू. पाचव्या दिवशी तू माझ्याशेजारी बसून फळीकडे बघायला लागशील. मला ते बघायला जमतं, तुला नाही जमायचं.

म्हणून मी तुझं ऐकलं नाही. काल यमुनाबाईंच्या खळ्यात सगळ्यांना जमवलं आणि ते वाक्य वाचून दाखवलं. रहिमाने पोराला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. मग कुणीतरी म्हणालं की पुढच्या साली बरणी रिती देऊ आणि गूळ वेगळा फडक्यात बांधून देऊ, त्यात काय एवढं. मला वाटलं, झालं, मिटलं. पण यमुनाबाईंचं मिटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “अगो, अडाणी लिहितंय तर लिहू दे, आम्ही काय पंडित आहोंत? पण स्थानिक स्त्रिया म्हणजे कोण गो? बरणीवरच्या चिठ्ठीत आमच्या ह्यांचं नाव लिवलंत. ते तर पावसाळाभर बरणीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. गूळ मी घातला. माझं नाव यमुना.”

त्यासाठी हे पत्र. तू सही कर. आमच्यासाठी तू सहीला हात आखडता घेतलास हे आम्हांला कळलं, तेवढं आम्हांला पुरे आहे. त्यापायी घाणा आणि तुझी जागा घालवू नकोस. अडाणी हा शब्द राहू दे. पण ‘स्थानिक स्त्रिया’ एवढं खोडायला लाव आणि तिथे आमची नावं घाल. नवऱ्यांची नव्हे, आमची. सोबतच्या कागदावर मी ती लिहून घेतली आहेत. रहिमाने आपलं नाव दोनदा सांगितलं आणि मी लिहीत असताना ती अक्षरावर बोट ठेवून बघत राहिली. पहिलं नाव यमुनाबाईंचं आहे आणि शेवटचं माझं. जागा पुरत नाही असं कमिटी म्हणाली, तर त्यांना सांग, अक्षर बारीक काढा, पण एकही नाव गाळू नका.

तुझीच,
दमयंती