मीनाक्षीच्या वाट्याचं ताट

४ एप्रिल २०२५
सकाळी डॉक्टर. तीन महिन्यांची सरासरी साखर ८.९. ताटात लक्ष घाला, म्हणाले. दुपारी भाकरी, दोडका. झोपलो. संध्याकाळी शंतनूचा पुण्याहून फोन. आई गेल्यापासून तुमच्या जेवणाला धरबंध राहिला नाही, म्हणाला. जुलैत रिपोर्ट सातवर आला नाही तर घराला कुलूप लावून पुण्याला यायचं. हो म्हणालो. सात कशाला, साडेसहा करून दाखवतो. हे घर मी सोडणार नाही.

५ एप्रिल
माझ्या ताटात आजपासून गोड, भात, बटाटा बंद. साखरेचा डबा स्वयंपाकाच्या आशाबाईंना देऊन टाकला. चहा कडू लागला. सवय होईल.

९ एप्रिल
मीनाक्षीच्या फोटोसमोर रोज दुपारी ताट ठेवतो. वर्षश्राद्धापर्यंत ठेवायचं आहे. माझ्या पथ्याची शिक्षा तिला कशाला? गुलमंडीवरून इमरती आणली. तिची आवडती. नोकरीत होतो तेव्हा दर पगाराला तिच्यासाठी आणायचो. ताट ठेवलं, हात जोडले, जरा थांबलो, मग संपवलं. अन्न टाकलेलं तिला खपत नसे. माझ्या ताटात फक्त भाकरी आणि कारलं. शिस्त जमते आहे.

१७ एप्रिल
शंतनूला माझं ताट फोनवर खरंखरं सांगितलं. भाकरी, गवार, काकडी. खूश झाला. गुलमंडीपर्यंत पायी जातो, हेही सांगितलं. येताना रिक्षा करावी लागते. इमरतीचा पाक सांडतो.

३० एप्रिल
अक्षय्य तृतीया. गेलेल्यांना जेवू घालायचा दिवस. कंजूषी बरी नव्हे. तिच्या ताटात आमरस, तूप, पुरणपोळी. एकच पोळी वाढणं बरं दिसेना, म्हणून दोन. आशाबाई म्हणाल्या, "काका, बाईंची भूक लई वाढली की."
माझ्या ताटातलं पडवळ तसंच राहिलं. माझं स्वतःचं जेवण निम्म्यावर आलं आहे. एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

२२ मे
बोटाला टोचून साखर बघायचं मशीन ऑनलाइन मागवलं. जेवणानंतर २९०. सेल बदलले. ३०१. ऑनलाइन वस्तूंचं असंच. कपाटात ठेवून दिलं.

११ जून
पँट घट्ट होते. धुण्यात आटली असावी.

१ जुलै
रिपोर्ट ९.६. नळ्यांची अदलाबदल झाली का, असं लॅबमध्ये विचारलं. नाही म्हणाले. शंतनू शनिवारी गाडी घेऊन येतो आहे. बॅग काढून ठेवा, म्हणाला. काढली नाही.

३ जुलै
मीनाक्षीचा वाढदिवस. तिची धाकटी बहीण मनस्विनी छावणी भागातून आली. फोटोसमोरची इमरती बघून हसायलाच लागली. "भावोजी, ताईला गोड कधी आवडलंय? तिला ठेचा-भाकरी दिली की झालं. तुम्ही आणायचात म्हणून एक तुकडा तोंडात टाकायची."
बाकीची कुठे जायची, मी विचारलं.
"तुमच्या ताटात. अजून कुठं?"
इमरती मनस्विनीला बांधून दिली.

५ जुलै
शंतनू आला. दोन्ही ताटांचं त्याला सांगितलं. आधी हसला. मग बराच वेळ फोटोसमोर बसून राहिला. बॅगेचा विषय त्यानेही काढला नाही. निघताना चप्पल घालताना म्हणाला, "बाबा, अजून तीन महिने देतो. पण ताट एकच." पोहोचल्यावर फोन कर, म्हणालो.
आता सहावरच आणतो.

७ जुलै
फोटोसमोर भाकरी, मेथी, ठेचा. जरा थांबलो. तेच ताट घेऊन खाली बसलो. ठेचा फार जहाल. चिमूटभर साखरेसाठी उठलो, पण डबा आशाबाईंकडे. पाणी प्यालो. भाकरी संपवली. ताट घासून पालथं घातलं.