बळीरामची शिकवणी

११ फेब्रुवारी १९७९, रविवार. कोराडी.

नवा शिष्य मिळाला! नाव बळीराम. कोळसा उतरवणाऱ्या ठेकेदाराकडे आहे. वय पस्तिशीच्या पुढे. गाव विचारलं तर म्हणे उमरेडकडे. सकाळी तलावावर पोचलो तर काठावर उकिडवा बसलेला. "मास्तर, मले पोहणं शिकवता का? पान्याची लय भीती वाटते."

या वयात शिकावंसं वाटणं मला आवडलं. मी तिसाव्या वर्षी शिकलो. गुरू कोणी नाही. नागपूरच्या महाल पेठेत रद्दीवाल्याकडे चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं, डिक्शनरी घेऊन वाचलं, पलंगावर पालथा पडून हातपाय मारले. मग तलाव. आमच्या कोष्ट्यांच्या पिढ्यांचे पाय मागाच्या खड्ड्यात गेले. पाण्यात उतरलेला घराण्यातला मी पहिला.

आमच्या रविवार मंडळात सहा-सात जण, सगळे पॉवर हाउसचे. पोहणं, डोंगर, तंबू — हे सगळं त्यांना मीच लावून दिलं. पण अंगाशी कोणी पोहलेलं मला चालत नाही. लय जाते. मी पाण्यात असलो की बाकीच्यांनी काठाकडे राहायचं, हा नियम. शिष्याची गोष्ट वेगळी. त्याला जवळ ठेवावंच लागतं.

घरी सांगितलं. पाण्याचं नाव काढलं की बायकोचं, रुख्माबाईचं, एरवी एकच — "चक्कर येते तुमाले, नका जाऊ." मागच्या साली खिंडसीच्या तळ्यावर पित्त झालं होतं, तेवढ्यावरून. आज मात्र म्हणाली, "शिकवा ना मंग. गरीब मानूस हाये."

ही आपणहून हो म्हणाली! का, ते कळलं नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार.

पहिला पाठ. पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधून कमरेएवढ्या पाण्यात. बुडी मारायला लावली.

एक गोष्ट खटकली. बुडी मारून वर आला की नवखा माणूस आधी दोन्ही हातांनी तोंड पुसतो. मी शिकवलेल्या प्रत्येकानं पुसलं. मीही पुसायचो. बळीराम वर आला तो डोळे उघडे, पाणी आपोआप गळू दिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग तोंड पुसलं!

कदाचित मीच फार बारकाईनं पाहतो. बघू.

२५ फेब्रुवारी, रविवार.

फार बारकाईनं पाहत नाही मी. आज तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

छातीभर पाण्यापुढे नेला. तो हात मारतोय, मी बाजूला. तेवढ्यात माझं लक्ष गेलं — डबा वाऱ्यानं वाहत पार बेशरमाच्या झुडपांकडे निघालेला. दोरी सुटलेली. आणि बळीराम आपला मजेत पाण्यावर!

"बळीराम, डबा कुठाय?"

त्यानं मागे वळून पाहिलं. आणि तेव्हा बुडायला लागला! "मास्तर, मेलो, मेलो!"

काठावर मारोतराव पोट धरून हसत होता. "देवाजीभाऊ, तुमचा चेला डब्याले विचारून बुडते का गा?"

इतकं हसण्यासारखं काय होतं? मारोतराव माझ्याच पाळीत टर्बाइनवर. चार चौघांत माझी फिरकी घ्यायची संधी कधी सोडली नाही त्यानं. "देवाजीभाऊ पोहण्याची पोथी वाचतात" — दसऱ्याच्या जेवणात हे कोण बोललं होतं? कट मला दिसू लागला आहे. पोहता येणारा माणूस आणायचा, त्याला न येण्याचं सोंग घ्यायला लावायचं, आणि मग एका रविवारी सगळ्यांसमोर — बघा, मास्तरला पोहणारा न् बुडणारा ओळखता येत नाही!

येतो ओळखता. कळेल त्यांना.

१ मार्च, गुरुवार.

कॅन्टीनमध्ये मारोतरावसमोर मुद्दाम बळीरामचं नाव काढलं. "कोन बळीराम? तो कोळशेवाला? नाव बळीराम हाये का त्याचं?" असा भाबडा चेहरा! इतका भाबडा चेहरा खऱ्या अजाण माणसाचा नसतो.

४ मार्च, रविवार.

पाय. नवख्याचे पाय पाण्यात आपटतात, आवाज होतो, शिंतोडे उडतात. बळीराम माझ्यासमोर असला की धोबीघाट. म्हणून आज पाठ फिरवून उभा राहिलो, पॉवर हाउसच्या चिमण्यांकडे बघत असल्यासारखा. मागून आवाज बंद! डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तो माझ्याकडे येत होता — पाणी हलत नव्हतं. मी वळलो की पुन्हा फडफड.

"दमलास का रे?"

"दम लागून राहिला ना, मास्तर. छाती फुटते."

आणि छाती हललेलीसुद्धा नाही.

वर आगाऊ किती! संत्र्यांची अर्धी टोपली एकट्यानं संपवली आणि सालं मारोतरावच्या चपलेत भरून ठेवली. मारोतराव शिव्या देत सुटला. दोघांचं साटंलोटं असतं तर असं केलं असतं? की मला फसवायलाच केलं?

११ मार्च, रविवार.

आजचं कसं लिहू!

पाठ आटपून मी मंडळाच्या पोरकट भांडणात अडकलो — खिंडसीच्या मुक्कामाला रोडगे कोणी भाजायचे यावर पाऊण तास. घरी आलो तर क्वार्टरच्या मागच्या दारी बळीराम. हातात आमचा जेवणाचा डबा. रुख्माबाई दाराच्या आत, पदर डोक्यावर, हळू आवाजात काही सांगत होती. मला पाहिलं आणि दोघं गप्प.

"काय चाललंय?"

"काही नाही. सांबारवडी केली होती, त्याले देली."

"मग बोलत काय होता?"

"सांबाराचा भाव," ती म्हणाली.

बळीराम मजूर-झोपड्यांत राहतो, हाटेलात जेवतो. त्याला कोथिंबिरीच्या भावाशी काय करायचं? आणि माझ्या घराचा मागचा दरवाजा त्याला कोणी दाखवला?

मनात नको ते येऊन गेलं. सव्वीस वर्षांचा संसार. हे पान फाडायला हवं. फाडत नाही. जे आलं ते आलं.

१७ मार्च, शनिवार.

पाळीवर म्हणे मी जिन्यात मधेच थांबलो होतो. मारोतराव सांगतो, तीन हाका मारल्या, ओ दिली नाही. विचारात असेन. सध्या विचार करायला कमी आहे का?

१८ मार्च, रविवार.

पाठ घेतला. एक शब्दही जास्त बोललो नाही. खिंडसीला सोक्षमोक्ष करणार. तिथं पाणी खोल आहे. डबा बांधायचा नाही, काठ सोडून आत न्यायचा. सोंग पाण्यात टिकत नाही.

रुख्माबाईही मुक्कामाला येते म्हणाली! मागच्या साली आली ती दिवसापुरती. मुक्काम म्हटला की आजवर — "घरी गादी असून गोट्यांवर कोन झोपते?" आता काहून सुचलं हे?

२५ मार्च, रविवार. खिंडसी. दुपार.

आज मी एका माणसाचा जीव वाचवला!

काल एस.टी.नं रामटेकला आलो. गड चढून पलीकडच्या अंगानं उतरलो, पळस नुसता पेटलेला. तळ्याकाठी माझा तंबू लावला. मीच शिवलेला, कापड थोरल्या भावाच्या मागावरचं. रोडगे मारोतरावनं भाजले. निम्मे करपले.

आज सकाळी बळीरामला घेऊन उतरलो. तो डावीकडे, हातभर मागे. आत आत नेत गेलो. काठावरची माणसं बोटाएवढी झाली.

"मास्तर, आता फिरा ना."

"घाबरलास?"

"हो. घाबरलो."

त्याचा आवाज खरा वाटला. पहिल्यांदाच. तरी मी म्हटलं, अजून थोडं.

पुढचं धड सांगता येत नाही. ऊन होतं, श्रम झाले होते. त्यानंतर एकदम काठ. चिखल. माणसं वाकून बघताहेत. आणि बळीराम छाती बडवत ओरडतोय — "मी बुडून राहिलो होतो गा! मास्तरनं वढून आनलं मले! मास्तर नसते तं गेलो होतो मी!"

म्हणजे त्याला खरंच येत नव्हतं! आणि मी काय काय रचून बसलो होतो. सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं. मारोतरावनं पळसाच्या फुलांची माळ घातली आणि म्हणाला, "देवाजीभाऊ, आजपासून तोंड बंद माहं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याच्यावर उगाच आळ घेतला.

रुख्माबाई रडत होती. तिनं बळीरामपुढे हात जोडले.

२६ मार्च, सोमवार.

झोपूनच होतो. कॉलनीभर बातमी.

२७ मार्च, मंगळवार.

रुख्माबाईनं हात कोणापुढे जोडले? जो वाचला त्याच्यापुढे. वाचवणाऱ्यापुढे नाही. हे असं कोण करतं?

आज आंघोळ करताना काखेत आग झाली. आरशात पाहिलं — नखांचे चार ओरखडे. माझ्या काखेत! डोक्याची कातडी अजून दुखते, केसांना हात लावू देत नाही. बुडणाऱ्याला मागून काखेत हात घालून ओढायचं, नाहीतर केस धरायचे, हे मीच शिकवतो. मग मला कोणी ओढलं?

आणि काठावर ओकलो ते पाणी. भसाभसा आलं. वाचवणाऱ्याच्या पोटात एवढं पाणी कुठून?

२८ मार्च, बुधवार. पाडवा.

गुढीखाली मंडळानं सत्कार केला. शाल, नारळ. मारोतरावचं भाषण. बळीराम पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होता, सगळ्यांत जोरात. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्यानं नजर खाली घातली.

नारळ घेतला. घ्यायला नको होता.

१ एप्रिल, रविवार.

तलावावर गेलो नाही. जेवायला बसलो आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "बळीरामची शिकवणी संपली. पुढच्या रविवारपासून मी एकटा पोहणार."

रुख्माबाईची पळी वरणात तशीच राहिली. "मंग तुमीबी पान्यात जायचं नाही."

"काहून?"

ती खाली बसली आणि सगळं सांगितलं. थांबली नाही. "मीच धाडलं त्याले. माह्या माहेरचा हाये, पवनीचा. ढिवराचं पोर, वैनगंगेत वाढला. उमरेड मीच सांगाले लावलं. तुमी अंगाशी कोनाले येऊ देता का? शिष्याले येऊ देता. मंग मी काय करू?"

"मागच्या साली पित्त होतं."

"पित्त नोहतं ते. गुडघाभर पान्यात उभे होते तुमी, डोये उघडे. मी हाका मारून राहिले, अन् तुमी तिथं नोहतेच."

मी विचारलं, "खिंडसीत काय झालं?"

"तसंच झालं. पन गुडघाभर पानी नोहतं. त्यानं काढलं तुमाले, केसाले धरून. काठावर तुमी अजून शुद्धीवर नोहते, तवा मले म्हने — बाई, उलटं सांगतो, तुमी मधी बोलू नका. मास्तर हे सोसनार नाही."

मी भांडलो. तिला खोटारडी म्हटलं. माझ्या पाठीमागे माझा खेळ केला म्हटलं. आणखीही एक बोललो, मागच्या दाराबद्दल. ती उठून आत गेली. जेवण तसंच राहिलं.

२ एप्रिल, सोमवार.

तिची माफी मागितली. मागच्या दाराबद्दलची. ती म्हणाली, "डाक्टरकडे चला, मंग बघू."

४ एप्रिल, बुधवार.

सीताबर्डीचे डॉक्टर. रुख्माबाईच सगळं सांगत होती, मी तिथं नसतो तेव्हाचं तिलाच ठाऊक. फेफऱ्याचीच एक जात, म्हणाले. रोज गोळ्या. उंच जिना नाही, सायकल नाही. पोहणं नाही.

"किती दिवस?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "दिवसांचा प्रश्न नाही."

कोराडीला पोचल्यावर मारोतरावला शाल परत दिली, खरं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "च्या घेता का?"

८ एप्रिल, रविवार.

तलावावर गेलो. चपला काढल्या नाहीत. काठावर बसलो. बळीराम आला, कमरेला पंचा, चेहरा मार खाणाऱ्या पोरासारखा. म्हटलं, "आज सोंग नको. तुझं तू पोह."

गेला. पलीकडे टेकला, परत आला. पाणी नुसतं दुभंगत होतं. अठरा वर्षांत असं पोहणं मी पाहिलं नाही, पुस्तकातल्या चित्रांतही नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्यानं विचारलं, "मास्तर, बरोबर हाये का?"

"नाही. डावा कोपर पडतो. पुन्हा जा."

गेला.

कोपर पडत नव्हता. मला अजून बघायचं होतं.