बसायला जायचं, विचारायला नाही

अण्णा, तुमच्या सायकलचं स्टँड अजून कानात वाजतं. आधी खट्ट, मग चेनची बारीक कुरकुर, मग तुमचं खाकरणं. मिरजेकडच्या आपल्या गावात, मिशन कंपाउंडमधल्या कुणाच्या दारात सोमवारी संध्याकाळी हे आवाज झाले की आतल्या माणसाला कळायचं, काल रविवारी आपण देवळात नव्हतो, म्हणून मंडळीचे एल्डर आले. तुम्ही ओसरीवर टेकायचात, पाणी मागायचात, पावसापाण्याचं बोलायचात, एखादं स्तोत्र वाचून प्रार्थना करायचात आणि निघायचात. का आला नाहीत, हे मात्र कधीच विचारायचा नाहीत. मी कॅरिअरवर, शाळेत नुकती पाठ झालेली कविता चालीवर गुणगुणत. एकदा दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या घरी मीच विचारून बसलो, ‘काका, काल का नाही आलात?’ ते बिचारे खाली बघायला लागले. परतताना विहिरीपाशी तुम्ही सायकल थांबवलीत. ‘आपण बसायला जातो, विचारायला नाही. कळलं?’ इतकंच. मला ती कवितेची ओळच वाटली. भुजंगप्रयातात बसवायचा प्रयत्नही केला मी. बसली नाही.

आता ऐका, कारण मी फार वैतागलोय. इथे जयपुरात, झालान्यातल्या ऑफिसातून रिटायर होऊन मला जमाना झाला. इथलं प्रेस्बिटेरियन देऊळ तुम्ही पाहिलंय, स्कॉच मिशनऱ्यांनी बांधलेलं, आत शिरलं की मे महिन्यातसुद्धा गार. तिथे उपासनेच्या आरंभी एक एल्डर उभा राहून स्तोत्राचं पहिलं कडवं वाचून देतो आणि मग मंडळी गाते. पूर्वी बऱ्याच जणांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी पडलेली पद्धत. कित्येक वर्षं ते काम माझ्याकडे. स्तोत्र हिंदी, पण मी वाचायचो आपल्या शाळेच्या वळणाने, यती सांभाळून, शेवटच्या अक्षरावर जरा रेंगाळून. मग जुन्या पाद्रीसाहेबांच्या जागी तरुण पाळक आले. माणूस भला आहे, पण तोंडी एकच शब्द, रिवाइवल. तुमच्या काळी उज्जीवन सभा व्हायच्या, मांडव पडायचा, भांडलेले भाऊ रडत रडत एकमेकांकडे जेवायला जायचे. इथे उज्जीवन म्हणजे पडदा, प्रोजेक्टर आणि ड्रम. जगतपुऱ्याला राहून सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी एक मुलगी तो ड्रम बडवते. तिचे आजोबा आपल्या सांगलीकडचे, जन्म मात्र इथला. गाण्याला ना वृत्त ना यमक. एकच ओळ पाण्याच्या मोटरसारखी चालू, टाकी भरून वाहायला लागली तरी कुणी बटण बंद करत नाही. त्या रविवारी मी स्तोत्र द्यायला उभा राहिलो, तर पाळक माइकवरून गोड आवाजात म्हणाले, ‘अंकलजी, आप बैठ जाइए, स्क्रीन पर आ जाएगा.’ मी बसलो. आणि तेव्हापासून घरीच बसलोय.

तुमची सून जाते. दर रविवारी ऑटो करून जाते आणि परत आली की मी पेपरात डोकं घालून विचारतो, ‘कुणी काही विचारलं?’

‘विचारलं की. पुढच्या वेळी ढोकळा आणाल का म्हणून.’

‘माझ्याबद्दल गं!’

‘मी सांगून ठेवलंय, गुडघे धरलेत. दुसरं काय सांगू? या वयात नवरदेवासारखे रुसून बसलेत?’

‘माझे गुडघे ठणठणीत आहेत.’

‘मग चालवा की त्यांना देवळापर्यंत.’

बोला आता. एल्डर लोकांचा मोबाइलवर ग्रुप आहे. त्यावर मला एक गुलाबाचं चित्र आलं, खाली जोडलेले हात, लवकर बरे व्हा. झाली भेट! सायकलचं स्टँड काही वाजलं नाही. मी मात्र सोमवार आला की उगीच धुतलेला सदरा घालतो.

पण चिडायचं तर तुमच्यावरही आहे, अण्णा. आमची पहिली मुलगी गेली, रांगायलाही लागली नव्हती, तेव्हा मी देवळात जाणं सोडलं होतं. हिने तुम्हाला कळवलं असणार. गाड्या बदलत तुम्ही जयपूरला आलात. आमच्या भाड्याच्या खोलीत स्टोव्हजवळ पाटावर बसलात आणि पाणी मागितलंत. तांब्या पुढे करताना मला कळलं, आज मी तो कंपाउंडर आहे. तुम्ही स्तोत्र वाचलंत, प्रार्थनेत तिचं नाव घेतलंत, आणि मग आमेरची माकडं, इथला हातभर लांबीचा मुळा, असलं काहीबाही बोलत राहिलात. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मी खिडकीचा गज धरून उभा आहे. माझ्याकडे उत्तर तयार आहे, अण्णा. रात्रभर शब्द जुळवलेत, देवाला आणि तुम्हाला दोघांनाही लागतील असे. तुम्ही फक्त विचारायचं आहे. तुम्ही म्हणता, ‘सुनेला जप.’ गाडी सुटते.

पुढच्या रविवारी मी देवळात गेलो. तुम्हाला वाटलं असेल, बसण्याने काम झालं. झालंही असेल. पण ते उत्तर आतच राहिलं ना! काय झालं असतं विचारलं असतं तर? मी ओरडलो असतो, गाडी चुकली असती, दुसरी मिळाली असती. चुकलं तुमचं, एवढं एक वाक्य लिहायला आज बसलोय, आणि मघापासून ते लिहितोय आणि खोडतोय.

थांबा. खाली स्टँड वाजलं. स्कूटरचं. कुरिअरवाला असेल.

कुरिअरवाला नव्हता. दारात ती, ड्रमवाली. हातात हेल्मेट, केस विस्कटलेले.

‘नमस्ते अंकल. मतलब, सलाम.’ आपल्या मंडळीची रीत तिला ऐन वेळी आठवली.

‘ही झोपलीय,’ मी म्हणालो.

‘आंटींकडे नाही आली मी. त्या बोलल्या, तुमचे घुटने खराब आहेत. पण शनिवारी सब्जीमंडीत मी बघितलं ना तुम्हाला. सांड मागे लागला तर काय पळालात, अंकल!’

ती आत आली नाही, टेकली नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. सरळ माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, ‘तर मग का येत नाही तुम्ही?’

अण्णा, एवढ्या वर्षांनी कुणीतरी विचारलं, आणि तेही या पोरीने! जुनं उत्तर, नवं उत्तर, दोन्ही मला तोंडपाठ होती. त्यातली एकही ओळ आठवेना. खरं सांगू, क्षणभर वाटलं, गुडघेच सांगावे. ‘आधी आत ये’ म्हणून तिला पंख्याखाली बसवलंय आणि स्वयंपाकघरात उभ्याने हे एवढं लिहितोय. कुठे टाकणार आहे मी हे पत्र? राहू दे इथेच, डब्याखाली. ती बाहेर बोटांनी हेल्मेटवर ठेका धरून बसलीय. पाणी घेऊन जातो. तिने मागितलेलं नाही.