बाजाराचं फाटक आणि बुरुलचा कंटेनर

मी, झूराकान तोक्तोबेकोवा, वय एकाहत्तर, पूर्वी भूगोलाची शिक्षिका, नंतर बाजारातील कंटेनर-दुकानांची खरेदी-विक्री करणारी, राहणार बिश्केक, लिहून ठेवते की माझे गुडघे गेले असले तरी डोके शाबूत आहे आणि पुढील मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली लिहिलेले नाही.

१. राहते घर, जर्दाळूच्या झाडासह, मुलगी ऐचुरोक हिला द्यावे. ते विकू नकोस, असे म्हणणे माझ्या तोंडी शोभणार नाही. मात्र विकायचे तर झाड फुललेले असताना दाखवावे.

२. माझ्याकडे उरलेले तीन कंटेनर मुलगा बाकीत यास द्यावेत. पहिला कंटेनर मी त्याच्या वडिलांची मोटारसायकल विकून घेतला. शाळेत सहा महिने पगार नव्हता. माझे यजमान मुकाश तेव्हा ओरडले होते, "अगं, लोखंडी खोका घेऊन आलीस! त्याला ना चाकं, ना शिंगं!" कंटेनरांची रांग चिखलात, गिऱ्हाईक फिरकेना. मी दारात भट्टी लावून सामसे, म्हणजे मांस भरलेले समोसे, भाजायला घेतले. वासाने माणसे आली, माणसांमागून दुकानदार आले आणि वर्षभरात खोका तिप्पट भावाने गेला. त्या पैशात दोन घेतले. असे एकूण एकेचाळीस. बाकीत, भाव खोक्याला नसतो, समोरून जाणाऱ्या पावलांना असतो.

३. सामशांची भट्टी सुनेला द्यावी. दीर जुमाबाय यांनी बाकीतच्या भर लग्नात मला 'खोकेवाली' म्हटले होते. त्यांना माझी सगळी कुलपे द्यावीत. किल्ल्या देऊ नयेत.

४. शेजारच्या दुकानातली बुरुल हिचा कोपऱ्यावरचा कंटेनर मी बारा वर्षांपूर्वी घेतला. बाजाराचे नवे फाटक तिथेच उघडणार, हे मला बाजाराच्या कचेरीच्या भिंतीवरच्या नकाशात आधीच दिसले होते. तिला सांगितले नाही. फाटक उघडताच मी तो चौपट भावाने विकला. तेव्हापासून तिने अबोला धरला. त्या नफ्याचा अर्धा भाग तिला द्यावा, असे इथे लिहिले होते. पण मेल्यावर माफी मागणे भित्रेपणाचे वाटले, म्हणून गेल्या मंगळवारी तिच्या दारी गेले आणि सगळे सांगितले.

ती म्हणाली, "म्हणजे तुलाही फाटकाची आतली बातमी होती?"

"तुलाही म्हणजे?"

"माझा भाचा म्हणाला होता, फाटक पलीकडच्या टोकाला जाणार, आपला कोपरा मरणार. म्हणून तर तो तुझ्या गळ्यात मारला! भाव करताना खोटं खोटं रडलेसुद्धा!"

"मग बारा वर्षं अबोला कसला?"

"लाजेचा गं, ताई. तुला फसवायला गेले आणि मीच फसले. कुठल्या तोंडाने बोलणार?"

आम्ही इतक्या हसलो की तिची सून पाणी घेऊन धावत आली. अर्धा नफा घ्यायला मात्र बुरुल तयार होईना. सबब हे कलम रद्द.

५. त्याच पैशातून काल आम्ही दोघींनी नव्या बसथांब्याजवळ एक कंटेनर घेतला आहे. तो कोणाच्याही नावे करत नाही. त्याला चांगला भाव येईपर्यंत मला मरायला सवड नाही.

बिश्केक, १४ एप्रिल २०२४
सही: झूराकान तोक्तोबेकोवा

साक्षीदार:
१. साकेन इमानालीव्ह, शेजारी
२. बुरुल जानिबेकोवा. (शेरा: नवा कंटेनर मी निवडला आहे.)