'थांब' म्हणायचा खेळ

३ नोव्हेंबर, सोमवार

मैत्रेयी आज वीस मोजेपर्यंत हलली नाही! मी टाळ्या वाजवल्या की तिनं नाचायचं, 'थांब' म्हटलं की जिथं असेल तिथं पुतळा. अंगणवाडीच्या सलोनीताईंनी शिकवलेला खेळ. "घरी खेळत जा. लेकरं सोताले आवरायले शिकतात, इचार करायले शिकतात."

मग चणे-वाटाणे निवडले. आधी रंगानं, मग लहानमोठे. मधेच नियम बदलला की ती थबकते, ओठ हलवते, मग बरोबर टाकते. पाचच वर्षांची आहे.

६ नोव्हेंबर

ह्यांच्या दुकानासमोर यवतमाळ रोड ओलांडताना मैत्रेयीचा हात इतका आवळला की ती ओरडली. शेजारच्या भुरीबाई सोबत होत्या. "दोन वर्सं झाली ना वं शीला? तुया अश्वजित लय चंचल होता. धावतच सुटला, अन् गाडी आली."

मी मान हलवली. नेहमी हलवते.

९ नोव्हेंबर, रविवार

आज वाईट झालं. अंगणात तिला 'थांब' म्हटलं, अन् आतून आवाज आला— "आई, येऊ?" अश्वजितचा. अगदी स्पष्ट! आत गेले. कोणी नव्हतं. तिथंच खाली बसले, कान लावून. किती वेळ, ठाऊक नाही.

बाहेर आले तर मैत्रेयी उन्हात तशीच उभी. फ्रॉक खालून ओला, पायांशी थारोळं. रडत नव्हती.

"आई, आता हलू?"

तेवढ्यात हे दुकानातून जेवायला आले. तिला उचलून आत नेलं. फ्रॉक बदलला.

१० नोव्हेंबर

सलोनीताईंना सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत. "शीलाताई, हा खेळ हाय, पहारा नाही. तिलेबी 'थांब' म्हनू द्या, तुम्ही पुतळा व्हा. कवा थांबाचं, कवा निघाचं, हे तिनं पाहून ठरवलं पाह्यजे. तुमच्या हुकमानं नाही."

हुकमानं! अंगणवाडीतच रडू फुटलं.

११ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. कोणाला सांगितलेलं नाही.

अश्वजित धावत सुटला नव्हता. रस्त्यापलीकडे थांबला होता— मी शिकवलं होतं तसा. तिथून विचारलं, "आई, येऊ?" मी फोनवर बोलत होते. मान वर न करता म्हटलं, "ये."

सात वर्षांचा होता. त्यानं माझं ऐकलं.

१२ नोव्हेंबर

आज ह्यांना सांगितलं. हातातला घास तसाच राहिला.

"मले मालूम हाय," म्हणाले. "मी दुकानाच्या दारात उभा होतो. आयकलं होतं."

दोन वर्षं!

"मंग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो त तूबी गेली असती."